ईजिप्शियन मंदिरशिल्पांच्या जलरंग-प्रतिकृती

प्राचीन ईजिप्तमधील मंदिरांच्या भिंतींवर कोरून रंगविलेल्या उत्थित शिल्पांची जलरंगात केलेली कागदावरील नोंद. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत तांबडा रंग काळपट व निळा फिकट उमटे. म्हणून रंगांच्या नोंदीसाठी पुरातत्त्वज्ञांना चित्रकारावरच विसंबावे लागे.

हॉवर्ड कार्टर (१८७४–१९३९) याची ख्याती तूतांखामेनच्या थडग्याच्या शोधामुळे (१९२२) झाली. तथापि देर अल्-बाहरी येथील हॅटशेपसूटच्या मंदिरात १८९३ ते १८९९ या काळात त्याने केलेले चित्रांकन त्याहून कमी मोलाचे नाही. पहिल्या थुत्मोसची माता सेनिसेनेब हिच्या प्रतिकृतीत त्याची रेषेवरील हुकमत दिसते.

या प्रकारातील सर्वांत भरीव काम ॲबिडॉस येथील पहिल्या सेती राजाच्या (कार. इ. स. पू. सु. १२९०–१२७९) मंदिरात झाले. ॲमिस कॅल्व्हर्ली (१८९६–१९५९) हिने ते १९२८ मध्ये सुरू केले. पुढील वर्षी मर्टल ब्रूम (१८८८–१९७८) तिला येऊन मिळाली. धाकटा जॉन डी. रॉकफेलर याच्या देणगीमुळे रंगीत मुद्रणाचा खर्च पेलता आला. ॲलन गार्डिनरने संपादिलेले चार खंड १९३३, १९३५, १९३८ व १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. छायाचित्राच्या वर्धित प्रतीवर पेन्सिलीने रेखाटन करावयाचे व ते भिंतीशी ताडून पाहावयाचे, अशी या दोघींची पद्धत होती. त्यामुळे त्यांच्या रेखापत्रांवर अभ्यासकास निश्चिंतपणे विसंबता येते.

रंगीत पत्रांविषयी मात्र इतके निःशंक राहता येत नाही. ती अतिशय देखणी आहेत, आणि अडचण तेथेच आहे. ईजिप्शियन कारागीर सपाट रंग लावी. उठाव छिन्नीने साधलेला असे आणि छाया पडे ती बाहेरील प्रकाशाची. हा उठाव दाखविण्यासाठी प्रतिकृतीत छटा घातली, की ती रंगद्रव्याचीच छटा वाटू लागते. न घातली, तर शिल्पाचे भित्तिचित्र होते. कोणताही चित्रकार या पेचातून पुरता सुटलेला नाही. शिवाय जलरंग पारदर्शक, त्यांतून कागदाचा पांढरेपणा डोकावतो. भिंतीवरचा तांब्यापासून बनविलेला निळा रंग मात्र भरड कणांचा व अपारदर्शक असतो. म्हणून जलरंगातील निळा बहुधा मुळापेक्षा हलका व प्रसन्न भासतो. अशी पत्रे नेहमी शेजारच्या रेखापत्रासह वाचावीत. केवळ भिंतीवर टांगण्याजोगी चित्रे म्हणून ती पाहणे हा त्यांच्यावरही अन्याय होय.

नीना डेव्हिस (१८८१–१९६५) हिने अपारदर्शक टेंपेरा माध्यम वापरून रंगाच्या घनतेचा प्रश्न बराचसा सोडविला. परंतु तिचे काम मुख्यत्वे थीब्झच्या थडग्यांतील सपाट भित्तिचित्रांचे होते. कोरीव पृष्ठाची अडचण तिच्या वाट्याला तुलनेने कमी आली.