साक्षीदाराचे वाक्य

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यावर विपुल लिहिले गेले आहे; परंतु प्रत्यक्ष पिंजऱ्यात उभे राहून आलेल्या वाचकास ते कसे वाटेल, याचा विचार आमच्या वाचनात आला नाही.

आमच्यावर तो प्रसंग एकदा आला. एका विद्यार्थिनीचे वय शाबीत करण्यासाठी शाळेचे जनरल रजिस्टर घेऊन आम्हांस सीमाभागातील एका न्यायालयात जावे लागले. सरतपासणी पाच मिनिटांत आटोपली. उलटतपासणीत वकिलांनी विचारले, "ही नोंद तुम्ही मागाहून केली, खरे ना?" आम्ही म्हटले, "नाही." परंतु फौजदारी खटल्यात साक्ष साधारणतः प्रश्नोत्तररूपाने न लिहिता सलग निवेदन म्हणून लिहितात. सबब प्रश्न नाहीसा झाला आणि आमच्या तोंडी वाक्य उरले: 'ही नोंद मी मागाहून केली, हे म्हणणे खरे नाही.' मराठीत उच्चारलेला एक शब्द कन्नड कागदावर असा लांबला. वाचून दाखविल्यावर त्यात चूक काढता येईना, सही केली. मात्र वकिलांचा संशय आता आमच्याच प्रथमपुरुषी वाक्यात मुक्कामास आला होता.

तेंडुलकरांनी नेमके हेच हेरले आहे. खेळ म्हणून भरविलेल्या खटल्यात लीला बेणारे या शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. भाबडा सामंत हातातल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो, आणि तो तिच्या आयुष्याला चिकटतो. सुखात्म्यांना उत्तराची गरजच उरत नाही. त्यांचा प्रश्न हाच पुरावा. अखेरीस तिला बचावासाठी दहा सेकंद मिळतात. तिचे दीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतात, कोर्ट ऐकत नाही. आरोपीला काही सांगायचे नाही, असे ठरवून काशीकर मोकळे होतात.

पिंजऱ्यातले माणूस इतके रेखीव बोलत नाही, असा आक्षेप या स्वगतावर आम्ही पूर्वी घेत असू. तो आता मागे घेतो. त्या दिवशी बसस्टँडपर्यंत चालताना आम्हीही मनातल्या मनात असेच अस्खलित भाषण केले होते!

एक जागा मात्र नाटकात मोकळी राहते. बेणारेला नोकरीवरून काढण्याविषयी संस्थेच्या अध्यक्षांचे बोलणे काशीकर सांगतात. ती शिकविते कशी, हे सांगायला कोणी साक्षीदार नाही. तिच्या मुख्याध्यापकाला बोलाविले असते तर? त्याच्या जागी आम्ही असतो, तर रजिस्टरात नसलेले काही बोललो असतो, असे छातीठोकपणे सांगवत नाही.