वाइन चालतं, पण कोणाच्या भरवशावर?

स्टीम डेकवर विंडोजसाठी लिहिलेला गेम खेळताना तुमच्या कधी लक्षात आलंय का, की त्या यंत्रात विंडोज मुळात नाहीच? फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेलं हे यंत्र लिनक्सवर चालतं. मधला दुभाषी म्हणजे वाइन, आणि त्याच्यावर व्हॉल्व्ह कंपनीने मिनेसोटातल्या कोडवीव्हर्सच्या मदतीने २०१८ मध्ये रचलेला प्रोटॉन. कौतुक व्हॉल्व्हचं झालं. वाइनचं काम मात्र १९९३ पासून चालू आहे, आणि १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं!

एपिसोडमध्ये आम्ही वाइनला ‘एम्युलेटर’ म्हणून गेलो, ते चुकलंच. वाइन खोटा कॉम्प्युटर उभा करत नाही. प्रोग्रॅममधल्या सूचना तुमचा प्रोसेसर थेट पाळतो. फाइल उघड, विंडो काढ, अशी विंडोजकडे केलेली मागणी आली, की तेवढ्यापुरतं वाइन उत्तर देतं. उत्तर हुबेहूब हवं, अगदी चुकांसकट, कारण जुने प्रोग्रॅम विंडोजच्या चुकाही गृहीत धरून बसलेले असतात. आणि हे सगळं मायक्रोसॉफ्टचा कोड न बघता. ज्याने तो पाहिलाय त्याचं काम हा प्रकल्प घेतच नाही. विंडोज काय करतं ते बाहेरून तपासायचं, नोंदवायचं, मग तसंच वागणारं स्वतः लिहायचं. गेम चालण्यापेक्षा मला ही चिकाटी मोठी वाटते.

माझी शंका वेगळी आहे. फंक्शनची नावं आणि त्यांची मांडणी वाइनला जशीच्या तशी घ्यावी लागते, नाहीतर प्रोग्रॅमची हाक त्याला कळणारच नाही. ही नावं कोणाच्या मालकीची? गूगल विरुद्ध ओरॅकल खटल्यात जावाच्या सुमारे ११,५०० ओळींवरून भांडण होतं. ५ एप्रिल २०२१ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध २ मतांनी गूगलच्या बाजूने निकाल दिला, आणि आम्हीही हुश्श केलं. पण निकाल नीट वाचा. कोर्टाने गूगलचा तेवढा वापर ‘फेअर यूज’ ठरवला. अशा मांडणीवर कॉपीराइट असतो का, हा प्रश्न बाजूलाच ठेवला. म्हणजे उद्या कोणी वाइनवर दावा लावला, तर बचाव पुन्हा पहिल्यापासून मांडायचा. गूगलकडे वकिलांची फौज होती.

गेमचं सोडा. तुमच्या मंडळाच्या नव्वदच्या दशकातल्या स्मरणिकेची डीटीपी फाइल कोणाकडे पडलीय का, विचारा. युनिकोडआधीच्या त्या फाइलींत मराठी अक्षरं त्या-त्या फॉन्टच्या क्रमांकांनी साठवलेली असतात. तो फॉन्ट आणि तो विंडोज प्रोग्रॅम नसेल, तर ‘गणपती’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तो जुना पीसी बंद पडला, की तुम्हालाही वाइनकडेच यावं लागेल.