होस्ट-नोंदींची गाळणी आणि वगळलेल्या नोंदींचा प्रश्न : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

महाविद्यालयांचे प्रशासन संगणकावर अवलंबून राहू लागल्यापासून नेटवर्कवरील यंत्रे चालू आहेत की बंद, हे ठरावीक वेळाने तपासणाऱ्या लहान स्क्रिप्ट ठिकठिकाणी वापरल्या जातात. अशी स्क्रिप्ट यंत्रांची यादी बहुधा अगोदरच तयार असलेल्या कॉन्फिगरेशन फाइलमधून गाळून घेते. यंत्र कसे तपासावे यावर पुष्कळ लिहिले जाते. कोणते यंत्र तपासायचे हे कसे ठरते, याकडे मात्र दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात या गाळणीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

एक अनुभव

नाशिकमधील द्वारका परिसरातील एका महाविद्यालयासाठी प्रस्तुत लेखकाने अशी एक स्क्रिप्ट लिहिली होती. ओपनएसएसएचच्या फाइलमधील ‘होस्ट’ या शब्दाची ओळ शोधायची, तिच्यातील दुसरा शब्द उचलायचा आणि त्या नावाच्या यंत्राला पिंग करायचे, एवढेच तिचे काम. रोज सकाळी ‘सर्व यंत्रे सुरू’ असा अहवाल येई. प्रत्यक्षात बॅकअप सर्व्हर ११ दिवस बंद होता. त्याचे नाव मुख्य सर्व्हरच्याच ओळीत, त्याच्या पाठोपाठ लिहिलेले असल्याने ते कधी उचललेच गेले नव्हते. मुख्य सर्व्हरची डिस्क निकामी झाली तेव्हा हे उघड झाले आणि त्या काळातील अंतर्गत गुण सहकारी प्राध्यापकांना कागदी तक्त्यांवरून पुन्हा भरावे लागले. स्क्रिप्टला ठाऊक असलेली यंत्रे खरोखरच सुरू होती. दोष अहवालातील ‘सर्व’ या शब्दात होता.

गाळणीतील गृहीतके

ही चूक केवळ निष्काळजीपणाची नव्हे. फाइल म्हणजे नावांची यादी, हे गृहीतकच चुकीचे आहे. ओपनएसएसएचच्या नियमांनुसार ‘होस्ट’पुढे एकाहून अधिक नावे येऊ शकतात, ‘*’ आणि ‘?’ वापरून लिहिलेले आकृतिबंध येऊ शकतात, ‘!’ लावून एखादे नाव वगळताही येते. आकृतिबंध हे यंत्र नव्हे; त्याला पिंग करणे निरर्थक होय. शिवाय ‘होस्ट’ हा शब्द नुसता शोधल्यास ‘होस्टनेम’च्या ओळीही हाती लागतात. २०१६ मधील ७.३ या आवृत्तीपासून ‘इन्क्लूड’ची सोय झाल्याने निम्म्या नोंदी दुसऱ्याच फाइलमध्ये असण्याचाही संभव आहे. मधल्या सर्व्हरमार्फत गाठावयाच्या यंत्राला थेट पिंग केल्यास ते सुरू असूनही बंद भासते.

नॅगिऑस या निरीक्षणप्रणालीतही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने दिसतो. १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने आलेल्या आणि २००२ पासून नॅगिऑस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रणालीत होस्टची व्याख्या साच्यावर बेतता येते. ‘रजिस्टर ०’ अशी खूण असलेली नोंद हा केवळ साचा असतो, यंत्र नसते. व्याख्या मोजणारी साधी स्क्रिप्ट मात्र साचा आणि यंत्र यांत भेद करीत नाही.

यावरून असे दिसून येते की, गाळणी ही यांत्रिक क्रिया नसून वाचनाची क्रिया आहे. जो वाचतो तो अर्थ लावतो, आणि अर्थ लावताना काहीतरी वगळतो.

पाठचिकित्सेचा दाखला

वगळण्याची जबाबदारी कशी पेलावी, याचा एक आदर्श आपल्याजवळच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. तिच्या संपादकांनी हस्तलिखितांच्या आधारे पुष्कळ मजकूर मुख्य संहितेतून बाजूला काढला, परंतु तो नाहीसा केला नाही. पाठभेद तळटीपांत आणि दीर्घ प्रक्षेप परिशिष्टांत दिले. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची सर्वपरिचित कथा मुख्य संहितेत नाही; ती परिशिष्टात आहे. त्यामुळे संपादकाशी मतभेद असणाऱ्या अभ्यासकाला त्याचा निर्णय तपासता येतो.

दोन्ही कामांच्या व्याप्तीची तुलना होऊ शकत नाही, हे उघड आहे. तथापि तत्त्व एकच आहे : निवड करणाऱ्याने आपली निवड तपासण्याची सोय ठेवली पाहिजे. आपल्या स्क्रिप्ट नेमके हेच टाळतात. निवडलेले छापतात, वगळलेले गिळतात.

आक्षेप आणि उपाय

पाच-दहा यंत्रांसाठी इतका खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. एका ओळीच्या आज्ञेची सुटसुटीतता हा तिचा खरा गुण आहे आणि प्रयोगशाळा साहाय्यकाला ती समजते. परंतु लहान यादीत एक नाव गळणे हे प्रमाणाने अधिक मोठे नुकसान होय.

उपायही अवघड नाही. पहिले, नावे फाइलमधून वेचावीत, पण त्यांचा अर्थ मूळ प्रोग्रामलाच विचारावा. एखाद्या नावाला अखेरीस कोणत्या मांडण्या लागू होतात, हे ओपनएसएसएच २०१५ मधील ६.८ आवृत्तीपासून ‘-जी’ या पर्यायाने सांगते. नॅगिऑसही साचे उलगडलेल्या व्याख्या स्वतंत्र कॅश फाइलमध्ये ठेवते. दुसरे, वाचलेली, घेतलेली आणि कारणासह वगळलेली अशा तीन संख्या अहवालात द्याव्यात. बेरीज जुळली नाही तर स्क्रिप्टने थांबावे. तिसरे, फाइलमध्ये मुळातच नसलेले यंत्र कोणतीही गाळणी शोधू शकत नाही. त्यासाठी वर्षातून एकदा ही यादी डेडस्टॉक रजिस्टरशी ताडून पाहावी. प्रत्यक्ष पडताळणीची ही शिस्त महाविद्यालयांना नवी नाही.

समारोप

प्रस्तुत लेखकाच्या स्क्रिप्टमध्ये आता चार ओळी वाढल्या आहेत आणि अहवालातून ‘सर्व’ हा शब्द गेला आहे. त्याजागी ‘१४ पैकी १२ तपासली, २ वगळली’ असे येते आणि त्याखाली वगळलेल्या दोन नोंदी कारणासह येतात. हे वाक्य पूर्वीइतके दिलासा देणारे नाही. मात्र ते वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारता येतो.