झेव्हियरच्या शाळेची साठ वर्षे

केवळ रंजनासाठी लिहिलेल्या वाङ्मयाबद्दल घराघरांत दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, हा पोरखेळ आहे. याने डोळे बिघडतात आणि डोकेही. तरुण मंडळी म्हणतात, ही आमच्या काळातली पुराणे आहेत. दोन्ही मतांत एक मोठी सोय आहे. एकदा असे म्हणून टाकले, की त्या पुस्तकाचे बरेवाईट ठरविण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. पोरखेळाची परीक्षा कोणी करीत नाही, आणि पुराणाची करण्याचे धैर्य कोणाला होत नाही.

'एक्स-मेन' ही अमेरिकन चित्रकथामाला मी पुष्कळ वर्षे वाचीत आलो आहे. तिला आता साठ वर्षे उलटून गेली. तिच्याकडे पाहताना कोणत्याही कादंबरीला विचारावा तोच प्रश्न मी विचारणार आहे : या कथेत माणसाने केलेल्या गोष्टीला काही किंमत आहे काय? मेलेला मेलेला राहतो काय, आणि सुधारलेला सुधारलेला राहतो काय?

ज्यांनी ही माला पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. न्यू यॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर भागात एक जुना वाडा आहे. चाकांच्या खुर्चीत बसणारे प्राध्यापक चार्ल्स झेव्हियर तेथे एक शाळा चालवितात. तिथली मुले 'म्यूटंट' आहेत. म्हणजे काही विलक्षण शक्ती घेऊनच ती जन्माला आली आणि वयात येताना ती शक्ती प्रकट झाली. सायक्लॉप्सच्या डोळ्यांतून विध्वंसक किरण निघतात, जीन ग्रे मनाच्या बळावर वस्तू हलविते. जग त्यांना भिते आणि म्हणून त्यांचा द्वेष करते. झेव्हियरची शिकवण अशी, की जे तुमचा द्वेष करतात त्यांचेच रक्षण करा. त्यांचा प्रतिस्पर्धी मॅग्नेटो म्हणतो, की माणसे तुम्हाला कधीच आपले म्हणणार नाहीत. तेव्हा त्यांच्या आधी तुम्हीच उठा.

अतिमानवी वीरांचे जथे तेव्हा नवे नव्हते. 'जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका' हा पहिला जथा १९४० सालचा. १९६० मध्ये 'जस्टिस लीग' आली, १९६१ मध्ये 'फँटॅस्टिक फोर'. पुढे सप्टेंबर १९६३ अशी तारीख छापलेले दोन पहिले अंक मार्व्हल कंपनीने एकदमच बाजारात आणले : 'अ‍ॅव्हेंजर्स' आणि 'एक्स-मेन'. दोन्हींचे जनक तेच, लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी. पहिला जथा नामवंतांचा क्लब होता, दुसरा नकोशा मुलांची शाळा. ली यांना मालेचे नाव 'द म्यूटंट्स' ठेवायचे होते. तो शब्द मुलांना कळणार नाही म्हणून प्रकाशक मार्टिन गुडमन यांनी ते नाकारले, असे ली स्वतः सांगत असत.

कल्पना अशी मोठी होती. पण ती पेलली गेली नाही. १९६३ सालची ती पाच मुले सगळी गोरी, बहुतेक देखणी, आणि एक तर चांगल्या श्रीमंताचा मुलगा. जगाने यांचा द्वेष का करावा हे चित्रांकडे पाहून कळत नाही. लेखक सांगतो म्हणून मानायचे. मॅग्नेटो तर नाटकातल्या खलपुरुषासारखा हसतो, आणि १९६४ साली तो जी टोळी जमवितो तिचे नाव असते 'दुष्ट म्यूटंटांचा बंधुसंघ'. स्वतःला दुष्ट म्हणवून घेणारा बंडखोर मी तरी दुसरा पाहिला नाही! झेव्हियर म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग आणि मॅग्नेटो म्हणजे माल्कम एक्स, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. ते साम्य मागाहून जोडलेले आहे. त्या पहिल्या अंकांत ते शोधू गेल्यास हाती लागत नाही. वाचकांचेही मन रमले नसावे. १९७० मध्ये ६६ व्या अंकानंतर नव्या कथा थांबल्या आणि पुढे १९७५ पर्यंत जुन्याच कथा पुन्हा छापल्या जात राहिल्या.

या मालेचा खरा जन्म माझ्या मते १९७५ सालचा. लेखक लेन वाइन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी एका जाड अंकात नवा जथा उभा केला. त्यात वादळवाऱ्यावर हुकमत चालविणारी आफ्रिकन वंशाची ओरोरो आहे. सोव्हिएत सामुदायिक शेतीवर राबणारा पोलादी देहाचा प्योत्र आहे. वुल्व्हरिन हा तापट कॅनेडियन आहे. निळ्या कातडीचा, शेपटीचा जर्मन तरुण कुर्ट आहे. त्याला सैतान समजून गावकरी जाळायला निघालेले असतात, आणि तोच पुढे साऱ्या जथ्यात अधिक भाविक निघतो. आता द्वेषाचे कारण शब्दांत सांगावे लागत नव्हते, ते चित्रातच दिसत होते. शीतयुद्धाच्या दिवसांत एका अमेरिकन मासिकाने रशियन शेतकऱ्याला नायकांच्या पंगतीत बसवावे, ही गोष्टही लहान नव्हे.

त्यानंतर लगेच लेखन ख्रिस क्लेअरमाँट यांच्याकडे आले आणि १९९१ पर्यंत, म्हणजे सुमारे सोळा वर्षे, ते त्यांच्याच हाती राहिले. क्लेअरमाँट यांची माणसे फार बोलतात. एकेका चौकटीत इतका मजकूर, की चित्राला श्वास घ्यायला जागा उरत नाही. पण त्यांनी एक गोष्ट ओळखली होती. दर अंकाला जग वाचविण्यापेक्षा, दर अंकाला माणूस थोडा बदलणे महत्त्वाचे आहे. ओरोरोचे आईबाप कैरोमध्ये घर कोसळून गेले आणि ती ढिगाऱ्याखाली अडकली. आकाशाची ही स्वामिनी पुढे अनेक वर्षे बंद खोलीत घाबरी होते. १९८० मध्ये किटी प्राइड ही साडेतेरा वर्षांची यहुदी मुलगी शाळेत आली, आणि वाचणाऱ्या मुलांना आपल्या वयाचे कोणीतरी तेथे मिळाले. एकामागून एक लुईस सायमन्सन आणि अ‍ॅन नोसेंटी या दोन स्त्रिया त्या काळात संपादक होत्या. या मालेतल्या बायका केवळ वाचविल्या जाण्यासाठी नसतात, हे त्या वर्षांत अधिकच ठळक झाले.

येथे एक आक्षेप घ्यायला हवा, आणि तो खरा आहे. जगात ज्यांचा वंशावरून किंवा धर्मावरून द्वेष होतो ती माणसे निरुपद्रवी असतात. सायक्लॉप्सचा चष्मा घसरला तर मात्र भिंत कोसळते. मग त्याला भिणारा माणूस चुकतो असे कसे म्हणावे? हे रूपक इथे लंगडे पडते. क्लेअरमाँट यांनी त्याला दिलेले सर्वांत चांगले उत्तर मासिकात नाही. ते १९८२ साली ब्रेंट अँडरसन यांच्या चित्रांसह निघालेल्या 'गॉड लव्ह्ज, मॅन किल्स' या स्वतंत्र पुस्तकात आहे. पुस्तक उघडते तेच दोन काळ्या मुलांच्या हत्येने. मारेकरी त्यांची प्रेते शाळेच्या मैदानातल्या झोपाळ्यावर टांगून ठेवतात, आणि इतर मुलांनी ती पाहण्याआधी मॅग्नेटो ती उतरवितो. मारेकऱ्यांच्या मागे स्ट्रायकर नावाचा लोकप्रिय धर्मोपदेशक आहे. शेवटी भर सभेत तो किटीवर पिस्तूल रोखतो, आणि त्याला गोळी घालून थांबवितो कोण? कोणी वीर नव्हे. बंदोबस्ताला असलेला एक साधा पोलीस. द्वेष थांबविण्याचे काम ज्यांचा द्वेष होतो त्यांचे नाही, पाहत उभ्या असलेल्यांचे आहे, हे एवढ्या स्वच्छपणे सांगणारी दुसरी वीरकथा माझ्या वाचनात नाही. हे पुस्तक एकाच बैठकीत संपते, हेही ध्यानात ठेवावे. त्याला शेवट आहे.

क्लेअरमाँट यांचे सर्वांत मोठे धाडस मात्र मॅग्नेटोचे. १९८१ सालच्या १५० व्या अंकात लढाईच्या भरात तो किटीवर आघात करतो आणि ती निपचित पडते. जवळ जाऊन पाहतो तो एक लहान मुलगी. तो थबकतो. ऑश्विट्झच्या छळछावणीत आपण काय काय गमावले, ते त्याला आठवते; आणि ज्यांचा तिरस्कार करीत आलो त्यांच्यासारखेच आपण झालो, हे त्याला उमगते. किटी वाचते, पण तो लढाई सोडून निघून जातो. अठरा वर्षे मोठमोठ्याने हसणाऱ्या खलपुरुषाला अशा रीतीने भूतकाळ मिळाला, आणि भूतकाळाबरोबर विवेकही. पुढच्या वर्षी तरुण झेव्हियर आणि तो हैफा येथे एकमेकांचे मित्र होते, असे दाखविले गेले. १९८५ सालच्या २०० व्या अंकात पॅरिस येथे त्याच्यावर खटला चालतो. त्याच सुमारास आजारी झेव्हियरच्या जागी तो शाळेचा मुख्य होतो, आणि ज्या मुलांवर चाल करून गेला होता त्यांनाच शिकवू लागतो. चार वर्षे, पन्नास अंक, आणि एका माणसाचा पालट! घाईने लिहिलेल्या मासिकात एवढा धीर मी क्वचित पाहिला आहे.

आता दुसरी बाजू. १९८० मध्ये क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी जीन ग्रेच्या हाती अमर्याद शक्ती दिली. त्या शक्तीच्या धुंदीत तिने एक तारा गिळला आणि त्याच्या ग्रहावरचे अब्जावधी जीव मेले. लेखकांचा बेत तिची शक्ती काढून घेऊन तिला घरी पाठविण्याचा होता. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले : इतक्या हत्येनंतर नुसते घरी जाणे नाही. शेवट बदलला. १३७ व्या अंकात जीन शुद्धीवर असताना, पुन्हा तसे घडू नये म्हणून, चंद्रावर स्वतःचा अंत करून घेते. संपादकाच्या हट्टातून साहित्य सुधारल्याची उदाहरणे थोडी. त्यांतले हे एक.

पण १९८६ मध्ये मूळच्या पाच जणांची नवी माला काढायची ठरली आणि जीन हवीशी झाली. मग खुलासा असा, की मेली ती जीन नव्हेच, तिचे रूप घेतलेली शक्ती होती. खरी जीन समुद्राच्या तळाशी एका कोशात निजली होती. तिला भेटायला सायक्लॉप्स धावला तो आपली बायको आणि तान्हे मूल टाकून. एक मरण पुसण्यासाठी लेखकांना नायकाची माणुसकीही पुसावी लागली. अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येत नाही, म्हणून तर अर्जुनाच्या प्रतिज्ञेला धार आहे. तेराव्या दिवशीचा तो वध व्यासांनी अठराव्या दिवशी रद्द केला असता, तर महाभारतात युद्ध उरले असते, शोक उरला नसता.

मॅग्नेटोचेही तेच झाले. १९९१ मध्ये जिम ली यांच्या चित्रांसह 'एक्स-मेन'चा नवा पहिला अंक निघाला. निरनिराळ्या पाच मुखपृष्ठांनिशी तो ८० लाखांहून अधिक खपला; हा विक्रम म्हणून नोंदला गेला आहे. त्या अंकात मॅग्नेटो पुन्हा शत्रू झालेला आहे. दहा वर्षांचा पश्चात्ताप तीन अंकांत आटोपला, आणि तिसरा अंक लिहून क्लेअरमाँट मालेतून बाहेर पडले. आयुष्यभर वाचायचे म्हणून थोड्यांनीच तो अंक घेतला असेल. पुष्कळांनी पुढे भाव येईल म्हणून घेतला. भाव आला नाही. संग्राहकांचा बाजार कोसळला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

२००० साली पडद्यावर चित्रपट आला, तो छळछावणीच्या दाराशी आईबापांपासून तोडलेल्या मुलाच्या दृश्याने सुरू होतो. म्हणजे क्लेअरमाँट यांच्याच उसनवारीवर. २०१९ पासून जोनाथन हिकमन यांनी म्यूटंटांना क्राकोआ नावाच्या जिवंत बेटावर स्वतःचे राष्ट्र दिले. पाच जण मिळून मेलेल्यांना परत आणतात, अशी तेथे व्यवस्थाच होती. जी लबाडी इतकी वर्षे चोरून चालली तिलाच त्यांनी कथेचा विषय केला, हे मला प्रामाणिकपणाचे वाटते. २०२१ मधल्या 'वे ऑफ एक्स'मध्ये, मरण थट्टेवारी नेणाऱ्या पोरांना पाहून कुर्ट अस्वस्थ होतो. साठ वर्षांत या मालेने स्वतःवर केलेली ती उत्तम टीका आहे. ते पर्व २०२४ मध्ये संपले आणि कथा पुन्हा जुन्या वळणावर आली.

तेव्हा घरातल्या मुलाच्या हाती हे द्यावे काय? द्यावे, असे माझे मत आहे. पण ढीगभर नव्हे. १९७५ ते १९८५ ही दहा वर्षे द्यावी आणि 'गॉड लव्ह्ज, मॅन किल्स' आधी द्यावे. जीन ग्रे मेली तेथे त्याला थोडा वेळ थांबू द्यावे. ती परत येते हे त्याला मित्र सांगतीलच. पण ती गेली तेव्हा त्याला काय वाटले, ते आपण विचारावे. मॅग्नेटो मुलीजवळ थबकतो ते पान तर मोठ्यांनीही वाचावे. पुढे बाजाराने ते पुसले, तरी छापलेले पान काही पुसले जात नाही. आपला राग ज्याच्यावर पडला तो कोण होता, हे वाकून पाहण्याची बुद्धी एका खलपुरुषाला एकदा झाली होती. तेवढी मुलाच्या ध्यानात राहिली तरी त्याचे वाचन फुकट गेले असे मी म्हणणार नाही.