मोडका कणा आणि रिकामी कूस : फ्रिडा काहलोच्या चित्रांचं एक चुकीचं वाचन

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं.

आजच्या विषयाला निमित्त माझीच एक चूक आहे. मागे एकदा मी मेक्सिकोच्या चित्रकलेवर बोलले होते. त्यात फ्रिडा काहलोबद्दल एक वाक्य फेकलं होतं, की बसच्या अपघातात तिचा कणा मोडला आणि त्याबरोबर तिचं आईपणही मोडलं. वाक्य टाळ्या घेणारं होतं, टाळ्या मिळाल्याही. व्याख्यान संपल्यावर एक मुलगी भेटायला आली. पंचविशीची असेल. म्हणाली, ‘मॅडम, माझ्या पाठीत दोन रॉड आहेत. तेराव्या वर्षी ऑपरेशन झालं, स्कोलिओसिससाठी. आज आई सोबत आली होती. तुमचं ते वाक्य ऐकून ती रडायला लागली. पुढच्या रविवारी पाहुणे बघायला येणार आहेत.’

मी गडबडले. काहीतरी सारवासारव केली आणि घरी आले. मग जे तेव्हाच करायला हवं होतं ते केलं. चित्रं पुन्हा नीट पाहिली, तारखा लावल्या, आणि एका ओळखीच्या भूलतज्ज्ञ बाईंना फोन केला.

आधी तारखा घेऊ, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. अपघात झाला 17 सप्टेंबर 1925 रोजी. तेव्हा फ्रिडा 18 वर्षांची होती. कण्याला कमरेत तीन ठिकाणी इजा झाली, हे सगळे सांगतात. ओटीपोटाचं हाड, म्हणजे ज्या हाडांच्या कड्यातून बाळ बाहेर यायचं ते, तेही तीन ठिकाणी मोडलं आणि लोखंडी दांडा कमरेतून आरपार गेला. हेही सांगतात, पण घाईघाईनं. कण्याला जे काव्य चिकटतं ते ओटीपोटाच्या हाडाला चिकटत नाही, दुसरं काय! 1930 साली सान फ्रान्सिस्कोत डॉ. लिओ एलोएसर यांनी तिला तपासलं, तेव्हा कण्याला बाकही आहे असं निदान केलं. डेट्रॉइटमधला गर्भपात 1932 चा. आणि मणके सांधण्याची शस्त्रक्रिया, जिला आपण फ्यूजन म्हणतो, ती न्यूयॉर्कमध्ये झाली 1946 साली. मध्ये 14 वर्षं गेली. ऑपरेशनच्या वेळी ती चाळिशीला टेकली होती. म्हणजे कण्याच्या ऑपरेशनमुळे तिला मूल झालं नाही, हे काळाच्या हिशेबातच बसत नाही.

पुढची स्लाइड. ‘हेन्री फोर्ड हॉस्पिटल’, 1932, पत्र्यावर तैलरंगात. हॉस्पिटलचा पलंग उघड्या माळावर तरंगतोय आणि मागे फोर्डच्या कारखान्याची क्षितिजरेषा. तिच्या हातातून लाल फिती निघाल्यात आणि प्रत्येक फितीला एकेक वस्तू बांधलीय : गर्भ, गोगलगाय, ऑर्किडचं फूल, एक यंत्र, बाईच्या धडाचा शिकवण्याचा नमुना आणि ओटीपोटाचं हाड. खाली उजव्या कोपऱ्यात बघा, हाड जमिनीवर टेकलंय, शरीररचनेच्या पुस्तकातल्यासारखं, नीटनेटकं. धडाच्या नमुन्यात मणके दिसतात, नाही असं नाही. पण स्वतंत्र वस्तू म्हणून, वेगळी फीत देऊन, तिनं जे काढलं ते ओटीपोटाचं हाड. वैद्यकीय शिक्षण घ्यायचं म्हणून तयारी करणारी मुलगी होती ही, अपघातानं ते राहिलं. कुठलं हाड कशाला आड येतं हे तिला कळत होतं. आम्हा समीक्षकांनाच ते कळलं नाही.

याच काळातलं एक पत्र आहे, मे 1932 चं, डॉ. एलोएसरना लिहिलेलं. हेडन हेरेरांच्या 1983 च्या चरित्रामुळे ते सगळ्यांना ठाऊक झालं. त्यात ती मूल ठेवू की नको याचा चक्क हिशेब मांडते. तब्येत नाजूक, वडिलांना फिट्स यायच्या ते रक्तात उतरेल का, डिएगोला कामासाठी हिंडावं लागतं, घरचं माणूस जवळ नाही. गर्भपात व्हावा म्हणून आधी औषधही घेऊन झालं होतं. आणि डेट्रॉइटचे डॉक्टर तिला सांगत होते की मूल ठेवा, सिझेरियन करता येईल. लक्षात घ्या, 1932 साली, तेवढं मोडलेलं हाड आणि तेवढा दुखावलेला कणा असलेल्या बाईला एक डॉक्टर असं सांगतोय. त्याचा अंदाज चुकला, गर्भ टिकला नाही. पण ‘कणा मोडला, आता आई होणे नाही’ असा निकाल त्या खोलीतसुद्धा कुणी दिला नव्हता. तो आम्ही नंतर दिला.

‘द ब्रोकन कॉलम’कडे येऊ. 1944. शरीर मधोमध उकललेलं, आत कण्याच्या जागी ग्रीक पद्धतीचा तडकलेला खांब, अंगभर खिळे, वर पोलादी पट्ट्यांचा कॉर्सेट. मागची भेगाळलेली जमीन म्हणजे वांझपण, असं मी स्वतः वर्गात शिकवलंय. आता विचारते, कशावरून? चित्रात गर्भ नाही, हाडाचं कडं नाही, जन्माची एकही खूण नाही. कमरेखाली पांढरं वस्त्र आहे आणि दुखणं त्याच्या वरचं आहे. पाठ दुखते तेव्हा जग असंच भेगाळलेलं दिसतं. ज्यांची पाठ कधी धरलीय त्यांना हे सांगायला नको. प्रत्येक दुखणाऱ्या बाईच्या चित्रात कूस शोधायची ही खोड आमची आहे, चित्राची नव्हे.

आता फ्यूजननंतरचं चित्र, ‘ट्री ऑफ होप’, 1946. इथे दोन फ्रिडा आहेत. एक स्ट्रेचरवर आपल्याकडे पाठ करून आडवी, दुसरी लाल तेहुआना पोशाखात ताठ बसलेली, हातात कॉर्सेट. आडवीच्या अंगावर दोन जखमा आहेत. इतकी वर्षं मी ‘जखमी पाठ’ म्हणून पुढे सरकत होते. एक जखम कण्यावर आहे, आणि दुसरी खाली, कमरेच्या हाडाशी. का? त्या शस्त्रक्रियेत चार मणके सांधले, त्यासाठी तिच्याच ओटीपोटाच्या हाडाचा तुकडा काढून वर लावला, जोडीला धातूची पट्टी. 1932 साली माळावर एकटं पडलेलं ते हाड इथे कण्याला टेकू द्यायला आलंय. आई होण्याच्या वाटेतलं हाड आणि पाठीचा कणा, या दोघांची खरी गाठ तिच्या चित्रांत पडते ती इथे. अपघाताच्या दंतकथेत नाही. हे मला चित्र बघून कळायला हवं होतं. कळलं ते भूलतज्ज्ञ बाईंनी ‘ग्राफ्ट कुठून घेतला होता हो?’ असं विचारलं म्हणून.

त्यांनी आणखी काय सांगितलं ते थोडक्यात सांगते, कारण इथेही कुणाच्या घरात हा प्रश्न असेल. फ्यूजनमध्ये मणके एकमेकांशी जोडून त्यांची आपसातली हालचाल थांबवतात. गर्भाशयाला त्यात हात लागत नाही. हाड पक्कं जुळून आलं असेल तर दिवस जायला त्याची आडकाठी नाही, आणि नुसतं फ्यूजन झालंय म्हणून सिझेरियनच करायला हवं असंही नाही. ओटीपोटाचं हाड मोडून वेडंवाकडं जुळलं असेल तर ती गोष्ट वेगळी. बाक फार मोठा राहिला असेल आणि छातीची जागा कमी झाली असेल तर श्वासाकडे लक्ष ठेवावं लागतं. पोट वाढतं तसा जोडलेल्या भागाच्या खालच्या-वरच्या मोकळ्या मणक्यांवर ताण येतो, कंबर दुखते. पण खरा पेच पडतो तो भुलीचा. कमरेतलं इंजेक्शन दोन मणक्यांच्या फटीतून देतात. फट हाडानं भरली असेल तर सुई जात नाही, आणि आत जुन्या जखमेचे व्रण असतील तर औषध सारखं पसरत नाही, एक बाजू बधिर, दुसरी जागी. म्हणून आठव्या महिन्याची वाट न बघता आधीच भूलतज्ज्ञांना भेटायचं. जाताना ऑपरेशनचा जुना कागद न्यायचा, कुठल्या मणक्यापासून कुठल्या मणक्यापर्यंत जोडलंय ते त्यात असतं. ‘पाठीचं ऑपरेशन झालंय’ एवढ्यावर काही ठरवता येत नाही, असं बाई म्हणाल्या. मला वाटलं, हे त्या आम्हा समीक्षकांनाच सुनावतायत.

शेवटचं चित्र, खरं तर चित्र नाही. प्लास्टरचा कॉर्सेट आहे, 1950 च्या सुमाराचा, ज्या वर्षी पाठीच्या ऑपरेशनांवर ऑपरेशनं होऊन ती महिनोन्‌महिने हॉस्पिटलात होती. अंगावर चढवलेल्या कॉर्सेटवर ती रंगवायची. या कॉर्सेटवर छातीशी लाल कोयता-हातोडा आहे आणि खाली पोटावर वळकटी करून झोपलेला गर्भ. 2018 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या प्रदर्शनात लोकांनी तो जवळून पाहिला. त्याचं वर्णन बहुधा ‘न झालेल्या बाळाचा शोक’ असं होतं. शोक असेलही. पण गंमत बघा, हा गर्भ फितीला बांधून बाहेर तरंगत नाहीये. तो जागेवर आहे, बरोबर पोटाच्या उंचीवर, कणा धरून ठेवणाऱ्या प्लास्टरवर. सांधलेला कणा आणि गर्भ एकाच अंगावर तिनं आणून ठेवले, आणि वर राजकारणही. ‘शोक’ म्हटलं की यातलं अर्धं सांडतं. हिंमत आहे यात, थोडी थट्टाही आहे. चाळिशी ओलांडलेल्या, मूल नसलेल्या, कम्युनिस्ट बाईनं स्वतःच्या सक्तीच्या चिलखतावर हे काढलंय.

याच वर्षी, 2018 मध्ये, ऑक्टोबरात ब्रिटनच्या राजकन्या युजेनी यांचं लग्न झालं. बाराव्या वर्षी त्यांचं स्कोलिओसिसचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी मुद्दाम खोल पाठीचा झगा शिवून घेतला, बुरखा घेतला नाही, म्हणजे व्रण दिसावा. पुढे 2021 आणि 2023 मध्ये त्यांना दोन मुलगे झाले. राजघराण्याच्या झग्याची समीक्षा मी करीन असं वाटलं नव्हतं, पण मुलींच्या पाठीवरचा व्रण पदराआड लपवायला सांगणाऱ्या आपल्या कांदेपोह्यांच्या बैठकीत ते छायाचित्र ‘ब्रोकन कॉलम’पेक्षा जास्त उपयोगाचं आहे, हे मान्य करते.

त्या मुलीचं पुढे काय, असं तुम्ही विचारणारच. त्या रविवारी आलेल्यांचा नकार आला. लग्न नंतर झालं, दुसरीकडे, आणि व्रणाचं तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी तिच्या आईला फोन करून माझं वाक्य मागे घेतलं. त्या म्हणाल्या, ‘अहो, पण ते शंभर माणसांसमोर म्हणाला होतात.’ म्हणून आज शंभर माणसांसमोर मागे घेतेय. त्या तिसऱ्या रांगेत बसल्यात, नातीला घेऊन.

दिवे लावा. प्रश्न घेऊ.