टेम्पोतला सोंगाड्या

२०२४ च्या नोव्हेंबरात खालापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीच्या तोंडाशी प्रचाराचा टेम्पो येऊन उभा राहिला. भोंग्यातून दोघांचं बोलणं. एक बेवडा, गावठी बोलणारा, काहीच न कळणारा. दुसरा शहाणा, शुद्ध बोलणारा, त्याला समजावणारा. बेवडा चुकला की मागून रेकॉर्ड केलेला हशा. पोरं हसली. मीही हसलो. शेजारची म्हातारी तेवढी हसली नाही. म्हणाली, "आपल्यावानी बोलतोय खरा, पन आपलं काय बोलत नाय."

समीक्षा तिनं केली. मी फक्त लिहून काढतोय.

पक्षाचं नाव सांगत नाही. अशा जाहिरातींचा साचा जुनाच आहे. येडा आमच्या बोलीत बोलणार, अक्कल पुस्तकी भाषेत बोलणार. मत आमचं पाहिजे, पण हसायचं आमच्याच जिभेवर.

विनोदाशी माझं भांडण नाही. हसणं आमच्या घरचं आहे. तमाशातला सोंगाड्याही येड्याचंच सोंग घेतो. पण येडा होऊन तो पाटलाला, सावकाराला, राजाला उघडा पाडतो. येडेपण हे त्याचं हत्यार. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशानं हेच हत्यार जातीवर चालवलं. १९४४ साली अमर शेख, गव्हाणकर आणि अण्णा भाऊ साठे यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊंच्या एका वगाचं नावच 'शेटजींचं इलेक्शन'. उमेदवारी शेटजीची, हसू कामगाराचं. मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, तेव्हा या मंडळींनी त्याला लोकनाट्य म्हटलं आणि खेळ चालू ठेवला. ज्या हशाला सरकार भ्यालं तो हशा खरा. टेम्पोतल्या हशाला कोण भितं?

अलीकडचं बघू. २०१४ च्या विधानसभेला भाजपची जाहिरात होती, 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?' तिच्यात विनोद नव्हता, संताप होता. लोकांनीच तिचा विनोद केला. सत्ता बदलली, तरी खड्डा दिसला की लोक तेच वाक्य नव्या सरकारच्या तोंडावर मारू लागले. जाहिरात पक्षाची, हशा लोकांचा. हे मला मोठं वाटतं.

२०१९ च्या लोकसभेला राज ठाकरे यांचं 'लाव रे तो व्हिडिओ' गाजलं. मैदानं हसली. पण त्यांचा उमेदवारच उभा नव्हता. युतीच्या ४८ पैकी ४१ जागा आल्या. हसू मैदानात राहिलं, मत पेटीत गेलं.

२०२२ ला विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' केलं. कर्जतचे आमदार महेंद्र थोरवे त्या बंडात होते. २०२४ ला तेच पुन्हा निवडून आले. आरोप खरा की खोटा, हा इथला विषय नाही. विषय एवढाच की त्या विनोदात आमचं पाणी नव्हतं, आमची जमीन नव्हती. वरच्यांनी वरच्यांना मारलेला तो टोमणा. आम्ही प्रेक्षक.

आणि प्रेक्षकसुद्धा सगळे नाहीत. दिवाळी झाली की कर्जत-खालापूरची कातकरी घरं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात. मतदान होतं २० नोव्हेंबरला. ज्यांच्या बोलीची नक्कल भोंग्यावर चालली होती, त्यातल्या कितीतरी झोपड्यांना कुडाचं दार लागलेलं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं मिळालीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता, म्हणून खोदायची यंत्रं वर चढली नाहीत. जिथं यंत्र चढत नाही तिथं प्रचाराचा टेम्पो तरी कसा चढणार? म्हणून अशा वाडीला विनोदातसुद्धा जागा नाही. तिच्यावर हसावं असं मी म्हणत नाही. रस्ता न देणाऱ्यावर हसावं, असं म्हणतो. सोंगाड्यानं तेच केलं असतं.

मित्रांनो, निषेधाचं पत्रक काढून हे थांबणार नाही. पुढच्या इलेक्शनला टेम्पो आला की आपल्या पोरांनी विहारापुढं उभं राहून बतावणी करावी. माणसं दोनच. पण शुद्ध बोलणारा येडा, आणि त्याला समजावणारी आपली म्हातारी. तिला लिहून द्यायची गरज नाही. तिचं पहिलं वाक्य तयार आहे.