मुंबईची दैनिके आणि वाचकांचा राजकीय कल : एका गृहीतकाची समीक्षा
(वर्सोवा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

वृत्तपत्रांच्या तुलनात्मक अभ्यासात एक गृहीतक वारंवार आढळते. दैनिकाचे मालक कोण, संपादक कोण आणि अग्रलेखांचा सूर कोणता, हे निश्चित केले की त्या दैनिकाचा वाचक कोणत्या पक्षाकडे झुकतो हेही निश्चित झाले, असे मानले जाते. ‘सामना’चा वाचक म्हणजे शिवसेनेचा मतदार, ‘लोकमत’चा वाचक म्हणजे काँग्रेसचा सहानुभूतीदार, अशी समीकरणे वर्गातील व्याख्यानांपासून प्रबंधांपर्यंत सहजपणे वापरली जातात. मुंबईसारख्या बहुभाषिक महानगरात हे गृहीतक कितपत टिकते, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गृहीतकाचा उगम

हे गृहीतक पूर्णतः निराधार आहे असे म्हणता येणार नाही. मराठी वृत्तपत्रसृष्टीची जडणघडणच चळवळींतून झाली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी 1923 मध्ये सुरू केलेला ‘नवाकाळ’ स्वातंत्र्यलढ्याशी जोडलेला होता. आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ 15 नोव्हेंबर 1956 रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे मुखपत्र म्हणूनच अवतरला. 1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईत व पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा धक्का दिला, तेव्हा ‘मराठा’ हाती धरणारा वाचक आणि समितीला मत देणारा नागरिक हे बहुतांशी एकच होते.

परंतु ही एकरूपता आंदोलनकाळाची होती. चळवळीच्या भरात जे खरे ठरले ते सर्वकाळ खरे मानणे, ही या गृहीतकाची पहिली उणीव होय.

अग्रलेख आणि मतपेटी

‘लोकसत्ता’ (1948) आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ (1962) ही दोन्ही दैनिके मोठ्या वृत्तपत्रसमूहांची. कोणत्याही पक्षाची मुखपत्रे म्हणून ती निघाली नाहीत. गोविंद तळवलकर 1968 ते 1996 या काळात ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक होते. उदारमतवादी, व्यासंगी अग्रलेखांमुळे मराठी मध्यमवर्गात या दैनिकाला प्रतिष्ठा लाभली. याच काळात, 1985 मध्ये, शिवसेनेने मुंबई महानगरपालिकेची सत्ता मिळवली. दादर, गिरगाव, पार्ले येथील मराठी मध्यमवर्ग हा या दैनिकाचा हक्काचा वाचक आणि शिवसेनेचाही महत्त्वाचा आधार होता. सकाळी तळवलकरांचा अग्रलेख आदराने वाचणारा गृहस्थ मतदानाच्या दिवशी धनुष्यबाणाचा विचार करू शकत होता, आणि त्यात त्याला विसंगती वाटण्याचे कारण नव्हते. 1990 मध्ये निघालेल्या ‘महानगर’ या सायंदैनिकाने शिवसेनेवर प्रखर टीका केली व त्यासाठी हल्लेही सोसले. तथापि त्याचा ग्राहक ज्या मराठी वस्त्यांत होता, त्यांतील अनेक वस्त्या शिवसेनेचे बालेकिल्ले होते.

पॉल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1940 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायो राज्यातील ईरी परगण्याचा अभ्यास केला. 1944 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष येथे उपयुक्त ठरतो. प्रसारमाध्यमे मतदाराचे मत बदलण्यापेक्षा असलेले मत बळकट करतात आणि मत घडवण्यात कुटुंब, शेजार व परिचितांचा वाटा मोठा असतो, असे त्यांना आढळले. मुंबईत चाळ, शाखा, मंडळ आणि मशीद या संस्थांचे कार्य या संदर्भात पाहणे अगत्याचे आहे.

वर्सोव्याचे उदाहरण

वर्सोवा कोळीवाडा, सात बंगला आणि यारी रोड हे भाग एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांची दैनिके मात्र भिन्न आहेत. मराठी पत्रांबरोबर 1822 पासून निघणारे गुजराती ‘मुंबई समाचार’, हिंदी ‘नवभारत टाइम्स’, उर्दू ‘इन्किलाब’ आणि इंग्रजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ ही पत्रे मुंबईच्या वाचकापुढे आहेत. यांतून निवड होते ती प्रथम भाषेने, नंतर घरच्या सवयीने व किमतीने. राजकीय मत या क्रमात बरेच मागे येते.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर वर्सोवा विधानसभा मतदारसंघाने 2009 मध्ये काँग्रेसचे बलदेव खोसा, 2014 व 2019 मध्ये भाजपच्या डॉ. भारती लव्हेकर आणि 2024 मध्ये शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे हारून खान यांना निवडून दिले. पंधरा वर्षांत तीन पक्ष आले. पेपरवाल्याकडील प्रमुख नावे मात्र जवळपास तीच राहिली.

‘सामना’च्या संदर्भात तर गृहीतकाची कसोटीच लागली. जून 2022 मधील फुटीनंतर निवडणूक आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 रोजी पक्षाचे नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाला दिले. दैनिक मात्र ठाकरे यांच्याकडे राहिले. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत वर्सोवा ज्यात येतो त्या मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात दोन्ही शिवसेनांचे उमेदवार समोरासमोर आले आणि शिंदे गटाचे रवींद्र वायकर अवघ्या 48 मतांनी विजयी झाले. ‘सामना’चा वाचक म्हणजे शिवसेनेचा मतदार, असे म्हणायचे तर कोणत्या शिवसेनेचा, हा प्रश्न येथे अटळ होतो. त्याच वर्षी विधानसभेत हारून खान 1,600 मतांनी विजयी झाले. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या मतदारांत मुस्लिम मतदारांचा मोठा वाटा होता. हा विजय ‘सामना’च्या खपाने समजावून सांगता येणार नाही.

मापनाची मर्यादा

ब्रिटनमध्ये निवडणुकीनंतरच्या जनमत चाचण्यांत मतदाराचे दैनिक आणि त्याचे मत एकत्र नोंदवले जाते. त्यामुळे तेथे पत्र व पक्ष यांचा संबंध आकड्यांनी सांगता येतो. भारतातील वाचक सर्वेक्षणाचा हेतू जाहिरातदाराची सोय हा आहे. कुटुंबातील मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि घरातील टिकाऊ वस्तूंची संख्या यांवरून तेथे वर्ग ठरत आला आहे. मत विचारले जात नाही. शीतकपाटाच्या नोंदीवरून विचारसरणी काढण्याचा मोह अभ्यासकाने टाळला पाहिजे. शिवाय खप म्हणजे वाचन नव्हे. एक प्रत घरातील चार माणसे वाचतात, वाचनालयात ती अनेकांच्या हाती जाते, आणि या सर्वांचे मत एकच असेल असे मानण्यास आधार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून दैनिकांची तुलना निरर्थक ठरत नाही. तिची मर्यादा स्पष्ट होते. वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूसारखा एखादा विषय घेऊन कोणत्या दैनिकाने वाहतुकीचा आणि कोणत्या दैनिकाने मासेमारीचा प्रश्न पुढे आणला, हे तपासता येते. त्यातून दैनिकाची भूमिका कळेल. वाचकाची भूमिका कळण्यासाठी मात्र त्याच्या दारीच जावे लागेल. पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थ्यांना अग्रलेखांच्या कात्रणांबरोबर एका गल्लीतील घरोघरच्या मुलाखतींचे काम दिल्यास हे अंतर त्यांच्या प्रत्यक्ष लक्षात येईल. वाचकाला त्याच्या हातातील पत्रावरून पक्षाचे लेबल लावणे म्हणजे त्याच्या स्वतंत्र विवेकाची नोंदच न घेणे होय. लोकशाहीच्या अभ्यासकाला ही चूक परवडणारी नाही.